शोधप्रबंधासाठी टिपणे व संदर्भव्यवस्था (परभणी जिल्हा)

शोधप्रबंधासाठी टिपणे व संदर्भव्यवस्था म्हणजे संशोधनाच्या काळात वाचलेल्या, पाहिलेल्या, मोजलेल्या व ऐकलेल्या गोष्टींची नोंद घेणे आणि प्रत्येक नोंद तिच्या मूळ साधनाशी कायम जोडलेली राहील अशा रीतीने ती सांभाळणे. प्रबंधाच्या अखेरीस येणारी संदर्भसूची हे या कामाचे दिसणारे टोक आहे. खरे काम टिपण घेण्याच्या क्षणी होते. त्या वेळी साधनाचे नाव, पान किंवा तारीख लिहून ठेवली नाही, तर वर्षादोनवर्षांनी तेच टिपण कितीही मोलाचे असले तरी प्रबंधात वापरता येत नाही.

परभणी जिल्ह्यात या विषयाचे दोन प्रवाह दिसतात. परभणी शहरातील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पदव्युत्तर व आचार्य पदवीचे विद्यार्थी प्रक्षेत्रावरील प्रयोगांवर प्रबंध लिहितात. जिल्ह्यातील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असून तेथील संशोधक इतिहास, मराठी साहित्य, अर्थशास्त्र, भूगोल आदी विषयांत काम करतात. दोन्ही प्रवाहांतील संशोधकांना एक अडचण समान आहे. या जिल्ह्याविषयीच्या साधनांत सीमा, संस्थांची नावे, कालगणना, चलन व लिपी हे सारे गेल्या शतकभरात बदलत आले आहे. त्यामुळे केवळ मजकूर उतरवून घेतलेले टिपण येथे फार लवकर निरुपयोगी होते.

टिपणाचे घटक

उपयोगी टिपणात निदान चार गोष्टी वेगळ्या दिसाव्या लागतात: साधनाची ओळख, नेमके स्थळ (पान, स्तंभ, कागदाचा क्रमांक किंवा ध्वनिमुद्रणातील मिनिट), साधनातील मजकूर आणि संशोधकाचा स्वतःचा विचार. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींची सरमिसळ सर्वांत घातक ठरते. ग्रंथातील वाक्य शब्दशः उतरवले असेल तर अवतरणचिन्हे टिपणातच द्यावी लागतात, प्रबंध लिहिताना नव्हे. कारण तोपर्यंत वाक्य कोणाचे होते हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. सारांश असेल तर तो सारांश आहे असे लिहावे आणि स्वतःची शंका किंवा मत वेगळ्या शाईत, समासात अथवा चौकटी कंसात ठेवावे. अनेक जुने अभ्यासक यासाठी वहीचे डावे पान साधनासाठी व उजवे पान स्वतःसाठी राखत.

आणखी एक नोंद सहसा राहून जाते. साधन कोठे पाहिले, हे लिहून ठेवावे लागते. दुर्मीळ पुस्तक कोणत्या ग्रंथालयात, कोणत्या दाखल क्रमांकाने मिळाले. कागद कोणत्या रुमालात होता. अहवालाची छायाप्रत कोणाकडून आली, हे लिहिले असेल तर परीक्षकाच्या शंकेला उत्तर देता येते. पुस्तक प्रत्यक्ष न पाहता दुसऱ्याच्या ग्रंथातील उल्लेखावरून माहिती घेतली असेल तर टिपणात दोन्ही नावे असावीत. मूळ ग्रंथ पाहिल्याचा आव आणणारी तळटीप जाणकार परीक्षकाला बहुधा लगेच ओळखू येते, कारण मधल्या लेखकाने केलेली पृष्ठक्रमांकाची चूकही तीत जशीच्या तशी उतरलेली असते.

तळटिपांत 'तत्रैव' किंवा 'उपरोक्त' हे शब्द पहिल्या मसुद्यात वापरणे टाळावे. प्रकरणातील परिच्छेद मागेपुढे हलला की 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. मसुद्यात प्रत्येक ठिकाणी लेखक, वर्ष व पान लिहावे आणि संक्षेप अगदी शेवटच्या प्रतीत करावेत.

परंपरा

महाराष्ट्रात सुट्या चिठ्ठ्यांवर टिपणे घेण्याची परंपरा जुनी आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून कागदपत्रे जमवली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला; पुढे या मालेचे २२ खंड झाले. कागद छापणे आणि त्या कागदाविषयीचे विवेचन करणे ही दोन कामे वेगळी ठेवण्याची शिस्त मराठी वाचकांना या प्रकारच्या ग्रंथांतून परिचित झाली.

या पद्धतीचे सर्वांत विशाल उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पाहायला मिळते. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये तेथे संस्कृतच्या ऐतिहासिक तत्त्वांवरील महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे १,५०० ग्रंथांमधून शब्दांचे प्रयोग वेचून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यात आल्या. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द, त्याचे अवतरण व ग्रंथातील स्थळ असते. चिठ्ठी लिहिणारी व्यक्ती व ती वापरून कोशातील नोंद लिहिणारी व्यक्ती यांच्यामध्ये कित्येकदा दशकांचे अंतर असते; तरीही काम अडत नाही, कारण चिठ्ठी स्वतःपुरती पूर्ण असते. प्रबंध लिहिणारा विद्यार्थीही तीन-चार वर्षांनंतर स्वतःच्या टिपणांपुढे असाच परका होऊन बसतो.

युरोपात जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान यांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा संग्रह परस्परसंदर्भांनी जोडून वापरला, तर इटालियन लेखक उंबेर्तो एको यांनी १९७७ च्या प्रबंधलेखनविषयक पुस्तकात कार्डांच्या मांडणीची सविस्तर चर्चा केली. लूमान यांच्या पद्धतीचे अलीकडे बरेच कौतुक होते. परंतु ती आयुष्यभराच्या लेखनासाठी घडलेली होती. एकाच प्रबंधासाठी तिचे अनुकरण करणाऱ्यांचा वेळ पुष्कळदा मांडणीतच सरतो.

परभणी जिल्ह्याविषयीची साधने

सीमा. आजच्या परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पालम व पूर्णा असे नऊ तालुके आहेत. जुन्या साधनांतील 'परभणी जिल्हा' मात्र याहून मोठा आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा परतूर तालुका परभणीतून त्यात गेला. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव व औंढा नागनाथ हा भाग त्यात गेला. राज्य शासनाने १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परभणी जिल्हा गॅझेटिअरमधील जिल्हा परतूर व हिंगोलीसह आहे.

याचा परिणाम आकडेवारीवर थेट होतो. १९९१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख आहे, तर २००१ च्या जनगणनेत सुमारे १५ लाख २८ हजार. ही दोन टिपणे सीमेच्या उल्लेखाविना शेजारी ठेवली तर दहा वर्षांत जिल्ह्यातून सहा लाख माणसे निघून गेली असा निष्कर्ष निघेल. स्थलांतर हा मराठवाड्यातील खरा आणि गंभीर विषय असल्याने असा निष्कर्ष वाचकाला पटण्याजोगाही वाटतो, आणि म्हणूनच तो अधिक धोक्याचा आहे. म्हणून जिल्ह्याच्या प्रत्येक आकड्यापुढे वर्षाबरोबर 'परतूरसह', 'हिंगोलीसह' किंवा 'सध्याची सीमा' असा शेरा टिपणातच लिहिणे आवश्यक ठरते. दीर्घकालीन तुलना करायची असेल तर जिल्ह्याऐवजी तालुक्याचे आकडे उतरवून घेणे हितावह असते. मात्र नवे तालुके जुन्यांतून कोरले गेले असल्याने तेथेही गावांची यादी तपासावी लागते.

निजामकालीन कागद. परभणी जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्यामुळे एकाच गावाचे कागद निरनिराळ्या शासनांच्या दप्तरांत विखुरलेले असतात. संस्थानाची राजभाषा उर्दू होती. महसुली व खाजगी कागदांत उर्दू, मोडी व देवनागरी यांचे मिश्रण आढळते. काही साधने हैदराबादच्या राज्य पुराभिलेखागारात, काही छत्रपती संभाजीनगर येथील पुराभिलेख कार्यालयात, काही जिल्हा व तहसील कचेऱ्यांत, तर काही घराण्यांच्या पेट्यांत आहेत. अशा कागदाचे टिपण घेताना लिप्यंतर, भाषांतर व मूळ कागदाचे छायाचित्र हे तिन्ही एका क्रमांकाखाली ठेवावेत आणि वाचन कोणी केले त्याचे नाव द्यावे. उर्दू किंवा मोडी स्वतः न येणारा संशोधक दुसऱ्याच्या वाचनावर अवलंबून असतो. ते अवलंबित्व लपवण्यात अर्थ नसतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हे कागद कोठे आहेत आणि ते वाचणार कोण, हे प्रश्न अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेरही पोहोचले.

कालगणना हा या कागदांतील आणखी एक सापळा. हैदराबाद संस्थानात फसली सन चालत असे. संस्थानाच्या अखेरच्या काळात त्याचे वर्ष ऑक्टोबरच्या आरंभी, आजूर महिन्यापासून सुरू होई. फसली सनात ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन मिळतो. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ चा काळ. हैदराबाद संस्थानावरील सप्टेंबर १९४८ ची कारवाई याच फसली वर्षात येते, पण सरसकट ५९० मिळवणाऱ्याच्या टिपणात ती १९४७ मध्ये जाऊन बसते. मूळ तारीख जशी आहे तशी लिहून रूपांतर कंसात देणे हा यावरचा साधा उपाय आहे. रूपांतरात चूक झाली तरी मूळ तारीख हाताशी राहते.

किमतींबाबतही तीच काळजी लागते. संस्थानाचे चलन 'हाली सिक्का' होते आणि त्याचा रुपया ब्रिटिश हिंदुस्थानच्या कलदार रुपयापेक्षा कमी मोलाचा होता. मण, खंडी, पल्ला ही मापे प्रदेशागणिक व वस्तूगणिक बदलत. कापसाचा किंवा ज्वारीचा जुना भाव टिपताना चलन व माप दोन्ही मूळ शब्दांत उतरवावे लागतात. क्विंटल व रुपयांत केलेले रूपांतर ही संशोधकाची भर असते, साधनातील माहिती नव्हे.

संस्थांची व गावांची नावे. कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ रोजी 'मराठवाडा कृषी विद्यापीठ' या नावाने झाली आणि २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. परभणीचे कृषी महाविद्यालय त्याहून जुने, १९५६ चे. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचा १९९४ मध्ये नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडचे विद्यापीठ अस्तित्वात आले. त्यामुळे परभणीतील महाविद्यालयांतून झालेल्या जुन्या पीएच.डी. प्रबंधांचा शोध औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावाखाली घ्यावा लागतो. संदर्भसूचीत प्रबंधाच्या मुखपृष्ठावरील, म्हणजे त्या काळचे नाव द्यावे आणि टिपणात दोन्ही नावे ठेवावीत, म्हणजे एकाच संस्थेचे दोन प्रबंध सूचीत दोन परक्या संस्थांचे भासत नाहीत. सेलूचे 'सैलू', वसमतचे 'बसमत' अशी पर्यायी रूपे जनगणना, रेल्वे व उर्दू कागद यांत भेटतात. त्यांची एक स्वतंत्र यादी करून ठेवल्यास शोध सुकर होतो.

प्रक्षेत्रावरील नोंदी

कृषी विषयातील प्रबंधात पुस्तकी टिपणांइतकीच प्रक्षेत्र नोंदवही महत्त्वाची असते. ग्रंथातील चुकलेले पान पुन्हा उघडता येते. खरिपातील हुकलेली नोंद मिळवायला पुढच्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते, आणि पुढचा पावसाळा मागच्यासारखा नसतो. पदव्युत्तर पदवीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असल्याने विद्यार्थ्याला बहुधा एक किंवा दोनच हंगाम मिळतात.

उदाहरणार्थ, यादृच्छिक गट रचनेत आठ प्रक्रिया व तीन पुनरावृत्ती असतील तर २४ वाफे होतात. प्रत्येक वाफ्यातून ठरावीक झाडे निवडून त्यांना खुणेची चिठ्ठी बांधतात आणि पेरणीनंतर ३०, ६०, ९० दिवसांनी उंची, पाने, फांद्या, कोरडे वजन अशा नोंदी घेतात. वाफ्याचा आराखडा नोंदवहीच्या पहिल्या पानावर, दिशा दाखवून काढलेला असावा. शेतातील खुंट्या नांगरणीत उखडल्या गेल्या तर तोच एक आधार उरतो. नोंद शेतातच पेन्सिलीने किंवा पाण्याने न पसरणाऱ्या शाईने करावी. चुकलेला आकडा खोडरबराने न पुसता एका रेघेने कापून शेजारी नवा आकडा व तारीख लिहावी. नोंद झालीच नसेल तर जागा कोरी न सोडता कारण लिहावे: 'झाड मेले', 'जनावर शिरले', 'पावसामुळे गेलो नाही'. कोरी जागा पुढे शून्य म्हणून संगणकात शिरते आणि सरासरी बिघडवते.

हवामानाच्या नोंदी मानक हवामान आठवड्यांनुसार मांडतात. वर्षाचे असे ५२ आठवडे असून २४ वा आठवडा ११ ते १७ जून असा येतो. पेरणीची, फवारणीची व काढणीची तारीख या आठवड्यांशी जोडून ठेवली तर पर्जन्यमानाचा व पिकाच्या अवस्थेचा संबंध नंतर शोधत बसावा लागत नाही. वाणाचे नावही पूर्ण लिहावे लागते. 'परभणी मोती' या रब्बी ज्वारीच्या वाणाचा उल्लेख शास्त्रीय लेखनात एसपीव्ही १४११ असाही येतो. वही एका नावाने व लेख दुसऱ्या नावाने असल्यास नवख्या वाचकाला ते दोन वाण वाटतात.

मौखिक साधने व संतवाङ्मय

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव असल्याने मराठी विषयातील संशोधकांचा तिच्या अभंगांशी वारंवार संबंध येतो. एकाच अभंगाला निरनिराळ्या गाथांत निरनिराळे क्रमांक व किंचित भिन्न पाठ आहेत आणि काही रचनांच्या कर्तृत्वाविषयी मतभेद आहेत. त्यामुळे केवळ 'जनाबाई, अभंग क्र.' असे टिपण अपुरे असते. गाथेचा संपादक, प्रकाशक व आवृत्तीचे वर्ष त्यासोबत हवे. अभंगाचे पहिले चरण लिहून ठेवले तर क्रमांक बदलला तरी अभंग सापडतो.

मौखिक साधनांच्या मांडणीचा वस्तुपाठ जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाने घालून दिला आहे. हेमा राईरकर व गी पॉइटव्हॅं यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. गाव, गायिका व विषय यांनुसार त्यांचे वर्गीकरण करण्यात आले असून परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील ओव्याही त्यांत आहेत. गायिकेच्या नावाची नोंद हे या संग्रहाचे वैशिष्ट्य आहे. एरवी अशा रचना 'लोकगीत' म्हणून निनावी होऊन जातात.

मुलाखतींच्या टिपणात दिनांक, स्थळ, उपस्थित व्यक्ती आणि नाव छापण्यास संमती आहे की नाही हे असावे लागते. कर्ज, जात किंवा कौटुंबिक वाद अशा विषयांवर बोललेल्या व्यक्तींची खरी नावे सांकेतिक क्रमांकांच्या यादीत, मूळ टिपणांपासून दूर ठेवतात. लहान गावात वय, जमिनीचे क्षेत्र व मुलांची संख्या एवढ्यावरूनही माणूस ओळखता येतो, याचे भान केवळ नाव वगळणाऱ्याला नेहमीच राहते असे नाही.

संगणकीय साधने व मराठी मजकूर

झोटेरो, मेंडेली यांसारख्या आज्ञावली संदर्भांची नोंद ठेवून सूची आपोआप तयार करतात. मराठी साधनांसाठी त्यांचा उपयोग होतो, परंतु हाताने तपासणी टळत नाही. इंग्रजी व मराठी ग्रंथ एकाच सूचीत आले की 'इतर', 'संपादक', 'पृष्ठे' हे शब्द चुकीच्या भाषेत उमटतात. अकारविल्हे लावताना संगणक 'क्ष' हे अक्षर 'क' खाली व 'ज्ञ' हे 'ज' खाली घालतो, तर मराठी कोशांत ती बहुधा 'ळ' नंतर येतात. संगणकाच्या क्रमाने लावलेली सूची मराठी वाचकाला विस्कळीत वाटते.

अधिक मोठी अडचण जुन्या टंकांची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे, आणि त्यानंतरचेही, कित्येक मराठी प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या टंकांत टंकलिखित झाले. अशा प्रबंधाची पीडीएफ प्रत पडद्यावर स्वच्छ दिसते, पण तिच्यात शब्द शोधता येत नाही आणि उतरवलेला मजकूर निरर्थक अक्षरांत येतो. त्यातील माहिती पुन्हा टंकावी लागते आणि पृष्ठक्रमांक डोळ्यांनीच शोधावा लागतो. १९६२ व १९७२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वीच्या ग्रंथांत 'नाहीं', 'कांहीं' अशी अनुस्वारयुक्त रूपे असतात. अवतरणात ती जशीच्या तशी ठेवावीत आणि शोधासाठी टिपणात आजचे रूप जोडावे.

पूर्वसंशोधन पाहण्यासाठी दोन संग्रह प्रमुख आहेत. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध, तर 'कृषिकोश'वर कृषी विद्यापीठांचे प्रबंध मिळतात. प्रबंध उतरवून घेताना संचिकेचे नाव लगेच बदलावे. प्रकरणनिहाय आलेल्या संचिका केवळ क्रमांकाच्या नावाने साठवल्या की कोणते चौथे प्रकरण कोणाचे, हे महिनाभरात कळेनासे होते. साऱ्या टिपणांची एक प्रत संगणकाबाहेरही असावी, आणि ती त्याच खोलीत नसावी.

वाङ्मयचौर्याचे नियम

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांत एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांहून अधिक साम्य असल्यास नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. इन्फ्लिबनेटच्या 'शोधशुद्धी' योजनेतून २०१९ पासून विद्यापीठांना साम्यतपासणीची आज्ञावली उपलब्ध झाली.

वाङ्मयचौर्याची सगळीच प्रकरणे हेतुपुरस्सर नसतात. पीएच.डी.साठी २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन व कमाल सहा वर्षांचा अवधी असतो आणि नोकरी सांभाळून संशोधन करणारे तो बहुधा पुरा वापरतात. पहिल्या वर्षी अवतरणचिन्हांविना उतरवलेला परिच्छेद पाचव्या वर्षी स्वतःचाच वाटतो. आज्ञावलीला हेतू कळत नाही, ती शब्द मोजते. आणि मराठी मजकूर जुन्या टंकात असेल तर तेही तिला नीट जमत नाही. भाषांतरित मजकूर तिच्या तपासणीतून सहसा निसटतो. इंग्रजी ग्रंथातील विवेचन मराठीत आणून श्रेय न देणे हेही वाङ्मयचौर्यच आहे, आणि टिपणात 'अमुक पानाचे भाषांतर' एवढे तीन शब्द असल्यास ते टळते. मौखिक परीक्षेत परीक्षक एखाद्या विधानाचा आधार विचारतो, तेव्हा पुष्कळ विद्यार्थी मूळ टिपणांची वही किंवा प्रक्षेत्र नोंदवही सोबत नेतात. कृषी विषयांत मूळ नोंदी मार्गदर्शकाच्या सहीनिशी विभागात जपून ठेवण्याचा परिपाठ त्यासाठीच आहे.